अक्कांच्या तळटीपा

आमच्या अक्कांना एखादी बातमी सांगायची म्हणजे सांगणाऱ्याला घाम फुटायचा. बातमी पुरी व्हायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "हे कुठून?" शेजारच्या रुक्माबाई एकदा ओसरीवर टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पलीकडच्या घरची सून भांडून माहेरी गेली म्हणं."

अक्का डाळ निवडत होत्या. सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "तुमी जाताना पाह्यलं का?"

"म्या न्हाई पाह्यलं, पण सगळेच म्हणायलेत."

"सगळे म्हंजी कोण? पयलं कोण म्हणलं?"

दोन-तीन प्रश्नांत निघालं ते असं की ती सून भावाच्या लग्नाला गेली होती आणि जाताना घाईत दाराची कडी जोरात लागली होती. भांडण एवढंच. असं चार-पाच वेळा झाल्यावर पाथरीतल्या बायका आमच्या ओसरीवर यायच्या त्या फक्त पापड लाटायला. बातम्या त्यांनी दुसरीकडे नेल्या.

अक्का म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. नाव पार्वती, पण सगळं गाव अक्का म्हणायचं. विसाव्या वर्षाच्या आत विधवा होऊन त्या माहेरी परत आल्या होत्या. माझे सासरे भुसाराचे व्यापारी, पण त्यांना नाद जुन्या पोथ्यांचा. शैव कवींच्या हस्तलिखित पोथ्या त्यांनी गावोगावच्या घरांतून मिळवल्या होत्या, त्या लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवल्या होत्या. लेक परत आली, दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागली, तेव्हा त्यांनी काही समजूत घातली नाही. एक रुमाल तिच्यापुढे सोडला आणि म्हणाले, "ह्यात काय काय हाय ते मला लिहून दे." ते लिहून द्यायला अक्कांना नऊ वर्षं लागली. मोडी त्या दुकानात बसून शिकल्या, जुनं बाळबोध वळण पोथ्यांनीच शिकवलं. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासरे नव्हते. अक्का मात्र सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आटोपली की एक रुमाल सोडून माळवदावर, म्हणजे धाब्यावर, जाणाऱ्या जिन्याखाली बसायच्या, वरच्या तोंडातून उजेड चांगला यायचा म्हणून.

त्यांचं दुसरं पालुपद "पान सांगा." कुणी कीर्तनात ऐकलेली ओवी म्हणून दाखवली की अक्का म्हणायच्या, "लय चांगली हाय. पान सांगा." परभणीहून माझे वडील पहिल्यांदा लेकीच्या घरी आले, जेवण झाल्यावर त्यांनी सहज एक अभंग म्हटला. अक्का आतून म्हणाल्या, "पान सांगा, मामा." वडिलांना वाटलं, व्याह्यांच्या घरी विडा मागायचा असतो. ते संकोचून म्हणाले, "असू द्या, मी पान खात न्हाई." यजमान तोंडाला उपरणं लावून दुकानात पळाले. मी मात्र घाबरले होते. नणंद चिडली की काय, असं मला वाटलं. अक्का बाहेर आल्या, वडिलांना वाकून नमस्कार केला आणि मनापासून म्हणाल्या, "अभंग कुठल्या पोथीत हाय तेवढं इचारलं, मामा. इड्याचं बी आणते."

माझी आणि त्यांची गट्टी जमली ती माझ्या अक्षरामुळे. मी मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. दुकानाची एक चिठ्ठी मी लिहिली होती, ती अक्कांनी उजेडात धरून बघितली. "इंदू, तुझं 'भ' अन् 'म' येगळं कळतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढी स्तुती पुष्कळ झाली. त्यानंतर दुपारी माझी दोन्ही मुलं झोपली की आम्ही जिन्याखाली बसायचो. त्या वाचायच्या, मी लिहायची.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सोमलिंग नावाचा एक जुना शैव कवी आमच्या भागात होऊन गेला. त्याची एक पोथी ताडकळसच्या मठात होती. अक्कांनी माझ्या सासऱ्यांच्या हयातीत तिथे राहून ती उतरवून आणली होती. शेवटच्या पानावर कवी आपल्या गुरूचं नाव सांगतो, पण नेमकं तिथेच कसर लागलेली. 'नाग' एवढी दोन अक्षरं शाबूत आणि पुढे भोक. अक्कांनी आपल्या प्रतीत 'नाग' लिहून पुढे टिंबं दिली आणि टिंबांच्या डोक्यावर लाल शाईने बारीक लिहिलं, 'नाथ असावे'.

पुढे एक विद्वान गृहस्थ पुण्याकडून आमच्याकडे आले. चार दिवस राहिले, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी आवडीने खाल्ली, पोथ्या बघितल्या आणि अक्कांची ही प्रत पूर्ण टिपून नेली. ताडकळसला जायचं त्यांचं राहूनच गेलं. वर्षभराने एका संशोधन त्रैमासिकात त्यांचा लेख छापून आला. कुणीतरी तो अंक यजमानांना आणून दिला. लेखात लिहिलं होतं की कवी सोमलिंग हा नागनाथाचा शिष्य, याला ताडकळस मठातील पोथीचा आधार आहे. टिंबं नव्हती, 'असावे' नव्हतं. अक्कांचं नावही कुठे नव्हतं.

यजमान संतापले. "अक्का, तुमचं नाव गिळलं की त्यांनी."

अक्कांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "नावाचं जाऊ दे शिवप्पा. माझा अंदाज त्यांनी खरा म्हणून छापला. तो अंदाज चुकला असंल तर? आता सगळं जग चुकीचं म्हणंल, अन् चूक तर माझी हाय."

ती चूक होती हे कळलं माझ्या माहेरी. माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं, म्हणून आम्ही दोघी परभणीला गेलो. देवघरात एक पोथी वर्षानुवर्षं हळद-कुंकू लावून पुजली जायची. मी लहानपणापासून ती बघत आले होते, पण ती सोडायची असते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. अक्कांनी पाळण्याकडे एकदा बघितलं आणि देवघराकडे दहादा. शेवटी माझ्या आईला म्हणाल्या, "ताई, हात धुऊन बघू का?" आईने हो म्हटलं. ती सोमलिंगाचीच पोथी निघाली, दुसऱ्या लेखनिकाच्या हातची, आणि शेवटचं पान धडधाकट. अक्कांनी मला हाक मारली. त्यांनी बोट ओळीवर ठेवलं होतं. "वाच. म्या न्हाई सांगत, तूच वाच."

मी वाचलं. 'नागव्वा माझी गुरुमाउली.'

बाई. कवीचा गुरू पुरुष नव्हताच. अक्का खाली बसल्या. बाहेर बायका पाळणा म्हणत होत्या आणि ह्या देवघरात पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. "इंदू," त्या म्हणाल्या, "म्या तिला पुरुष करून ठिवलं गं. म्या बाई असून."

पाथरीला परतल्यावर त्यांनी लेख लिहायला घेतला. लेख चांगलाच होता. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी 'नागनाथ' ही माझी चूक आहे असं कबूल केलं होतं. आम्ही तो त्याच त्रैमासिकाकडे पाठवला. दीड महिन्याने तो परत आला. सोबत संपादकांचं पत्र होतं: लेखातील विषय महत्त्वाचा दिसतो, परंतु संदर्भ आमच्या पद्धतीने दिलेले नाहीत, सोबतच्या नियमांप्रमाणे ते करून पाठवल्यास विचार करू. आणि खरंच, अक्कांचे संदर्भ घरगुती होते. 'तिसऱ्या रुमालातली, पुठ्ठा फाटलेली पोथी', 'अप्पा सांगत होते ते' (अप्पा म्हणजे माझे सासरे), 'वर सांगितलेल्या पोथीत, मधल्या भागात'.

यजमान म्हणाले, "सोडा अक्का. त्यांना आपलं घ्यायचं न्हाई, म्हणून नियम दाखवायलेत."

अक्कांनी तो छापील कागद दोनदा वाचला होता. त्यांचा चेहरा उजळला होता. "आरं, हे तर माझंच म्हणणं हाय. कुठून ते सांगा म्हणायलेत. मी सगळ्यांना इचारते, अन् मला कुणी इचारलं तर राग धरू?"

त्या नियमांचा कागद त्यांनी जिन्याखालच्या भिंतीला खळीने चिकटवला. छापील पुस्तक असेल तर आधी लेखकाचं नाव, मग ग्रंथाचं, मग प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठ. हस्तलिखित असेल तर ते कुणाच्या मालकीचं, कोणत्या गावी, पान कितवं आणि पानाची बाजू कोणती, पुढची की मागची. एकदा दिलेला संदर्भ लगेच खाली पुन्हा आला तर सगळं परत न लिहिता 'तत्रैव' लिहायचं. हा शब्द अक्कांना फार आवडला. घरात त्याचा सुळसुळाट झाला. आज भाजी कसली, असं यजमानांनी विचारलं की मी म्हणायची, "तत्रैव." म्हणजे कालचंच वांगं.

प्रत्येक टिपेसाठी आम्ही एक चिठ्ठी केली. कागद मिळणं कठीण होतं, म्हणून लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आणि मालाच्या पुड्यांचे कागद कापून घेतले. गोधडीच्या दाभणाने त्या चिठ्ठ्या क्रमाने दोऱ्यात ओवल्या. बेचाळीस चिठ्ठ्यांची माळ झाली. मग एके दुपारी अक्का म्हणाल्या, "सातव्या अन् आठव्याच्या मधी एक राह्यलीच की." म्हणजे दोरा कापा, आठवीपासून पुढच्या सगळ्यांचे आकडे बदला, लेखातलेही बदला आणि अख्खा लेख पुन्हा उतरवा. मी रडकुंडीला आले. म्हणाले, "अक्का, एक टीप कमी असली तर कोण मारायलंय आपल्याला?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एक टाका सुटला म्हणून गोधडी फाटत न्हाई, खरं हाय. पण आपली गोधडी बाईनं शिवलीय इंदू. लोक तोच टाका हुडकतील." मी दौत पुढे ओढली.

एवढं करूनही एक जागा अडली. ताडकळसच्या पोथीचं शेवटचं पान एकोणतिसावं, असं अक्कांच्या प्रतीत होतं, पण गुरूच्या नावाची ओळ पुढच्या बाजूला होती की मागच्या, हे त्यांनी त्या वेळी टिपलेलं नव्हतं. आठवून लिहावं तर त्यांना ते मान्य नव्हतं. निजामाच्या राजवटीचे शेवटचे दिवस ते. रस्ते सुरक्षित नव्हते, जागोजाग झडत्या चालायच्या. यजमान म्हणाले, "पानाची बाजू बघायला कुणी जिवावर उदार होतं का?" अक्का म्हणाल्या, "पाह्यल्याशिवाय 'पाह्यलं' असं लिहू का मी बी?" शेवटी त्यांनीच आम्हाला मानवत रोडच्या स्टेशनवर आगगाडीत बसवून दिलं.

परभणीला माझ्या माहेरी मुक्काम केला आणि सकाळी गणपत गाडीवानाची बैलगाडी करून आम्ही ताडकळसला निघालो. अर्ध्या वाटेवर नाका होता. शिपायांनी गाडी थांबवली, गाठोडं सोडलं, त्यातून चिठ्ठ्यांची माळ निघाली. बारीक अक्षर, प्रत्येक चिठ्ठीवर आकडा. एकाने दोरा तोडला आणि चिठ्ठ्या धुळीत पसरल्या. त्यांना वाटलं, गुप्त निरोपच हाती लागले. आम्हाला नाक्यावरचे पोलीस अधिकारी, अमीनसाहेब, यांच्यापुढे उभं केलं. गणपत तर बैलांच्या आड जाऊन उभा राहिला होता.

अमीनसाहेब पिकल्या दाढीचे होते. त्यांनी दोन-चार चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. "ये नंबर क्या हैं, बाई?"

अक्कांनी पदर सारखा केला. "हवाला है, साब."

"काहे का हवाला?"

"किताब में एक बात लिखे, तो वो बात कां से ली, किस पन्ने से ली, उसका हवाला. बगैर हवाले की बात मैं नहीं बोलती."

त्यांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "और ताडकळस में क्या है?"

"एक पन्ना है. उसकी कौनसी बाजू है, वो देखने जा रही हूँ."

"बस, एक पन्ने की बाजू?"

"हां साब."

अमीनसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांचे वडील मदरशात शिकवत होते, असं ते म्हणाले. शागिर्दाचा हवाला चुकीचा निघाला की अख्खं लिखाण परत करायचे, कुणाचा मुलगा आहे ते बघायचे नाहीत. मग त्यांनी शिपायांना सगळ्या चिठ्ठ्या गोळा करायला लावल्या. मराठी आकडे त्यांना येत होते. मी एक, दोन, तीन म्हणत गेले आणि ते स्वतः एकेक चिठ्ठी शोधून माझ्या हातात देत गेले. एकोणिसावी सापडेना. ती एका शिपायाच्या बुटाखाली निघाली. अमीनसाहेबांनी ती झटकून दिली आणि अक्कांना म्हणाले, "जाइए, देख के आइए. हवाला सही होना चाहिए." परतीची वाट निर्धोक राहावी म्हणून त्यांनी चार ओळींची चिठ्ठीही लिहून दिली.

ताडकळसच्या मठाचे स्वामी अक्कांना ओळखत होते. त्यांनी पोथी आणून दिली. नावाची ओळ मागच्या बाजूला होती. काम झालं, असं म्हणून मी गाठोडं बांधायला घेतलं. पण अक्कांनी ते पान हलक्या हातांनी उचलून दारातल्या उन्हात धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"इंदू, भोकाच्या खाली काय दिसतंय?"

मी वाकून बघितलं. भोकाच्या खालच्या कडेला शाईची एक बारीक गोलाई उरली होती. मी म्हणाले, "डाग हाय."

"म्या बी त्या येळी डागच समजले. डाग न्हाई हा. जुन्या वळणात जोडाक्षर कसं लिहितेत?"

एकाखाली एक. 'नाथ' लिहिलं असतं तर ओळीखाली काहीच आलं नसतं. 'व्वा' लिहिला असेल तर एका 'व'च्या पोटाखाली दुसरा 'व' येणार, आणि त्याचीच ती गोलाई कसरीने सोडली होती. म्हणजे दोन पोथ्या दोन गोष्टी सांगत नव्हत्या. ताडकळसची पोथीही पहिल्यापासून नागव्वाच म्हणत होती. स्वामींनी पान हातात घेतलं, स्वतः उन्हात धरून बघितलं आणि म्हणाले, "बाई, रोज पूजा करतो आम्ही हिची. कधी उजेडात धरली न्हाई."

त्रेचाळीस टिपांच्या चव्वेचाळीस झाल्या. या खेपेला मी कुरकुर केली नाही. लेख रजिस्टर डाकेने रवाना झाला आणि मग सगळंच ठप्प झालं. पत्र नाही, पोच नाही. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाथरीत लोकांना जिवाची चिंता होती, लेखाची कोण करणार. पोलीस ॲक्शन झाली, निजामाची राजवट संपली, रस्ते मोकळे झाले. दिवाळीच्या आधी डाकवाल्याने एक जाड पुडकं आणून दिलं.

त्यात दोन अंक होते. अक्कांचा लेख पहिलाच होता. 'श्रीमती पार्वतीबाई, पाथरी.' एकही टीप गाळलेली नव्हती. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस टिपा पानांच्या तळाशी मुंग्यांच्या रांगेसारख्या उभ्या होत्या. संपादकांनी वेगळ्या पत्रात लिहिलं होतं की तुमच्या लेखातले संदर्भ आम्ही आता इतर लेखकांना नमुना म्हणून दाखवतो. यजमानांनी ते पत्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला दोनदा.

मी अंक उघडला तो टिपा बघायला. पहिली टीप मी लिहिलेली नव्हती. अक्कांनी ती माझ्या नकळत, पाठवायच्या दिवशी बदलली होती. तिथे छापलं होतं: 'परभणी येथील पोथी माझी भावजय इंदुमती हिच्या माहेरची. ताडकळस येथील पान तपासताना ती सोबत होती. लेखाची सर्व प्रत तिच्या हातची.' माझं नाव त्याआधी फक्त लग्नपत्रिकेत छापून आलं होतं. मी अंक घेऊन माळवदावर गेले आणि ती टीप एकटीने पुन्हा पुन्हा वाचली.

पुढच्याच अंकात त्या विद्वान गृहस्थांचं निवेदन आलं. त्यांनी चूक साफ मान्य केली होती. ताडकळसची पोथी आपण पाहिली नव्हती, पार्वतीबाईंच्या प्रतीवरून लिहिलं आणि त्यांची खूण गाळली, हेही सांगितलं होतं. खाली तळटीप: 'पाहा, पार्वतीबाई,' आणि पुढे त्यांच्या लेखाचं नाव, अंक, पृष्ठ. अक्कांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. लेखावर मोठ्या टायपात आलेल्या नावाचं त्यांना एवढं काही वाटलं नव्हतं. या बारीक टायपातल्या नावाने मात्र त्या हसल्या, अगदी लहान मुलीसारख्या. "बघ इंदू, आता कुणी इचारलं कुठून, तर माझ्याकडं बोट दाखवत्याल."

अक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारातही माझ्या मुलीला रुमालांची यादी समजावून देत होत्या. पण मी डोळे मिटले की मला त्या दिसतात ताडकळसच्या मठात, लेख छापून आला त्याच्या पुढच्या श्रावणात. शेवटच्या सोमवारी तिथे गुरुपरंपरा म्हणतात. स्वामी एकेक नाव घेतात आणि सगळी सभा त्या नावाचा जयजयकार करते. आम्ही बायकांच्या बाजूला, खांबाशी बसलो होतो. आपल्याला मुद्दाम का बोलावलं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

स्वामी नावं घेत आले. सोमलिंगाच्या नावाआधी थांबले, बायकांच्या बाजूला वळले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "गुरुमाउली नागव्वा."

क्षणभर कुणालाच कळेना. त्या परंपरेत बाईचं नाव कुणी कधी ऐकलं नव्हतं. मग बायकांच्या बाजूने आधी जयजयकार उठला, नंतर पुरुषांच्या. माझ्या पुढे बसलेली एक म्हातारी दोन्ही हात जोडून ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी अक्कांकडे बघितलं. त्यांचे हात मांडीवर तसेच होते. सगळ्यांचा आवाज शांत झाल्यावर त्यांनी ते सावकाश जोडले आणि एकटीने, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू, नागव्वाचा जयजयकार केला.